दादाच्या नावाची पत्रिका

३ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून रोजनिशी. रंगाच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आयुष्य काढलं. तिथे रोज रिपोर्ट लिहायचो, कुणी वाचत नसे. हेही कुणी वाचणार नाही. सवय आहे.

खारूचं लग्न ठरलं. (रिपोर्ट पूर्ण असावा, म्हणून लिहितो. खारू ही आमची एकुलती एक मुलगी. लहानपणी खारीसारखी कपाटावर चढून बसायची, म्हणून खारू.) मुलगा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. कमी बोलतो. चांगला वाटतो. तारीख २० एप्रिल. हॉल बुक झाला, जेवण ठरलं, फोटोग्राफर ठरला. सगळं हिने आणि खारूने परस्पर ठरवलं. मी विचारलं, मग माझ्याकडे काय? दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी खारू म्हणाली, बाबा, तुम्ही पत्रिका करा. लगेच पुढे म्हणाली, तशी काही गरज नाही हं, मी सगळ्यांना मेसेज करणारच आहे.

मेसेज! लग्नाचं आमंत्रण म्हणजे काय दूध संपल्याचा निरोप आहे?

पत्रिका विभाग ताब्यात घेतला. आठवड्याभरात काम फत्ते.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करून ठेवतो. या पत्रिकेचा दादाशी काहीही संबंध नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बसने गेलं तर जवळच राहतो. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या मुलाचं लग्न झालं, तेव्हा आम्हाला पत्रिका पोस्टाने आली. पोस्टाने! सख्ख्या भावाला! कागदही असा, की मागची अक्षरं पुढे दिसत होती. मी लग्नाला गेलो नाही. ही आणि खारू गेल्या. तेव्हापासून मी दादाशी बोलत नाही. फोन करत नाही, त्याच्याकडे जात नाही. नऊ वर्षांत एकदाही माघार नाही. असा अबोला पाळणं येरागबाळ्याचं काम नाही.

पण तो विषय मी केव्हाच सोडून दिला आहे. मला दादाची आठवणसुद्धा येत नाही. मी फक्त चांगल्या कागदावर, चांगल्या अक्षरात, एक चांगली पत्रिका करणार आहे. ती बघून कुणाला काही वाटलं, तर तो त्याचा प्रश्न.

६ फेब्रुवारी

छापखान्यात गेलो. दुकान म्हणजे एक लांबट खोली, मागे मशीन, पुढे काउंटर. मालक जाडजूड, चष्मा कायम कपाळावर. त्याने नमुन्यांचे अल्बम काढले. सोनेरी फुलं. दोन हंस. एक पत्रिका उघडली की पिपाणीसारखं काहीतरी वाजतं आणि बंद केली तरी वाजतच राहतं. सगळं रिजेक्ट. म्हणालो, मला साधा, जाड, पांढरा कागद दाखवा.

त्याने पांढरा दाखवला. मी म्हणालो, यात निळसर झाक आहे. दुसरा दाखवला. तो पिवळट. तिसरा तर आजारी माणसासारखा. मालक म्हणाला, काका, पांढरा म्हणजे पांढरा.

ज्या माणसाने नुसत्या डोळ्यांनी पांढऱ्याच्या बॅचेस परत पाठवल्या, त्याला हा शिकवणार! उठलो. उद्या कंपनीचं, सगळ्या रंगछटांचं शेड कार्ड घेऊन जातो.

७ फेब्रुवारी

शेड कार्ड नेलं. मालक चकित. त्याने दुकान बंद करून कार्ड नीट बघितलं आणि विचारलं, या भिंतीला कुठला रंग शोभेल? मी मन लावून सल्ला दिला. उजेड कुठून येतो ते बघितलं, भिंत खरवडून बघितली, ओल शोधून काढली. तो फार खूश झाला. संध्याकाळ कशी गेली कळलं नाही.

पत्रिकेचं राहिलं. उद्या.

११ फेब्रुवारी

कागदाचं नंतर बघू. आधी मजकूर. मजकूर हा पत्रिकेचा आत्मा.

पहिला मसुदा तीन ओळींचा. फार कोरडा. दुसऱ्यात थोडा जिव्हाळा घातला. तिसऱ्यात कुटुंब म्हणजे काय, हे थोडक्यात. आता दीड पान झालं आहे. एक वाक्य फार उत्तम उतरलं आहे: "आमंत्रण धाडायचे नसते, द्यायचे असते, म्हणून ते घरी येऊन, समोरासमोर, हातात देण्याची आमची रीत आहे."

वाचून माझ्याच अंगावर काटा आला.

१२ फेब्रुवारी

मसुदा घरात वाचून दाखवला. ही म्हणाली, हे शेवटचं वाक्य कुणासाठी आहे? मी म्हणालो, सर्वांसाठी. तिने विचारलं, माझी आतेबहीण समुद्रापलीकडे राहते, तिच्या हातात नेऊन देणार का? ही दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला असते. कुठे दुखतं ते पहिल्या प्रश्नात काढून घ्यायची तिला सवय लागली आहे.

खारूने कागद उलटसुलट करून बघितला. म्हणाली, बाबा, ही पत्रिका आहे की नोटीस? आणि माझं नाव कुठे आहे? मी म्हणालो, दुसऱ्या पानावर, येतं ओघात.

होणारा जावई म्हणाला, छान आहे. त्याला जरा आणखी बोलतं करायला हवं.

१६ फेब्रुवारी

तडजोड केली. मोठ्या मनाने सगळा मजकूर काढून टाकला. वाक्य मात्र ठेवलं. वाक्यावर तडजोड नाही.

घरात चैन पडत नाही. गॅलरीतून खोलीत, खोलीतून गॅलरीत. ही म्हणाली, जरा बाहेर जाऊन या, फरशी झिजेल. बाहेर पडलो. चालणं तब्येतीला चांगलं. चालता चालता दादाच्या गल्लीच्या तोंडाशी पोहोचलो. रस्ताच तसा आहे. त्याच्या गॅलरीत वहिनीच्या कुंड्या होत्या आणि त्याचा निळा शर्ट वाळत होता. कॉलरचा रंग पार उडाला आहे. सहज दिसलं म्हणून लिहितो. थांबून वगैरे बघितलं नाही. बस यायला वेळ होता.

२१ फेब्रुवारी

नवी कल्पना! बाजारातला एकही पांढरा पसंत पडत नसेल, तर कागद स्वतः का करू नये? हाताने केलेला कागद. अशी पत्रिका कुणी बघितलीही नसेल. मोबाइलवर एक बाई अगदी सोपं करून दाखवते. जुने कागद भिजवायचे, मिक्सरमधून काढायचे, जाळीवर पसरायचे, वाळवायचे. ती बाई हे सगळं हसत हसत करते.

रद्दी भिजत टाकली. आंघोळीची बादली घेतली आहे. ही कामावरून यायच्या आत रिकामी होईल.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ

बादली रिकामी झाली नाही.

२३ फेब्रुवारी

मिक्सरचा आवाज बदलला आहे. जुना होताच.

लगदा राखाडी निघाला. छापील रद्दीची शाई उतरली असणार. बाईने कोरे कागद वापरले होते, ते तिने नीट सांगायला हवं होतं. तरी जाळीवर पसरला. जाळी म्हणजे खिडकीची. डास येतील, पण दोन दिवसांचा प्रश्न आहे. वजनासाठी काही कागद गादीखाली ठेवले. ही म्हणते, झोपल्यावर डाव्या बाजूला घसरायला होतं. कलेसाठी घरातल्यांनी थोडं घसरायला हरकत नसावी.

२६ फेब्रुवारी

पहिला कागद तयार! बशीसारखा कडक. दुमडला तर मोडतो. उरलेल्यांवर केस उगवल्यासारखी बुरशी आली आहे. बुरशीवरचा उपाय विचारायला मी ऑफिसच्या जुन्या मित्राला फोन करायला गेलो, तेवढ्यात हिने सगळं बादलीसकट खाली नेऊन टाकलं. बादलीसुद्धा.

प्रयोग यशस्वी. निष्कर्ष: घरी कागद करू नये.

दुपारी एका लांबच्या नातेवाइकाचा फोन आला, अभिनंदन म्हणाला, वीस एप्रिलला येतोच आहे म्हणाला. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाला, खारूचा मेसेज आला होता की, बरेच दिवस झाले. मी म्हणालो, तो अनौपचारिक होता. खरी पत्रिका मागून येते आहे.

२ मार्च

छापखान्यात परत. भिंतीला मी सांगितलेला रंग लागला आहे. सुरेख दिसतो. मालकाने मला बसायला खुर्ची दिली आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं की भिंत या काकांनी केली. पत्रिकेच्या कागदासाठी मी पुन्हा सगळे नमुने उजेडात धरून बघितले आणि अखेर एक निवडला. मालक म्हणाला, हाच मी तुम्हाला पहिल्या दिवशी पहिल्यांदा दाखवला होता. मी म्हणालो, तेव्हा उजेड वेगळा होता.

९ मार्च

प्रूफ आलं. घरी नेलं नाही. चार डोळ्यांनी तपासलं की चार चुका राहतात, हा माझा नोकरीतला अनुभव. काउंटरवरच तपासलं. अक्षर न् अक्षर बरोबर. वाक्य झळाळून उठलं आहे. फक्त नावांच्या खाली एक रेघ मारली होती, तिने सगळ्याचा श्वास कोंडला होता. मालकाला म्हणालो, ती मधली लाइन काढा, जागा मोकळी राहू द्या. त्याने विचारलं, नक्की? मी म्हणालो, मोकळी जागा हीच खरी शोभा. आणि प्रुफावर सही केली: तपासले, निर्दोष.

निवृत्तीनंतरची पहिली सही.

१५ मार्च

पत्रिका आल्या. गठ्ठे सोडल्याबरोबर तो वास! रंग आणि शाई एकाच कुटुंबातली. पहिली प्रत बाजूला काढून ठेवली. कुणासाठी म्हणून नाही. नमुना प्रत ठेवायची पद्धत असते.

हिने एक हातात घेतली, उघडली, बराच वेळ वाचत राहिली. डोळे भरून आले असावेत. मग तिने विचारलं, लग्न कधी आहे? मी म्हणालो, अगं, विसरलीस? ती म्हणाली, मी नाही विसरले. पत्रिका विसरली आहे.

तारीख नाही. वेळ नाही. नावांच्या खाली नुसती मोकळी जागा. सुंदर, हवेशीर, मोकळी जागा. आणि तिच्या वर ती रेघ, जशीच्या तशी.

१६ मार्च

मालकाशी चर्चा. तो म्हणतो, तुम्ही लाइन काढा म्हणालात, मी तारखेची लाइन काढली. मी म्हणालो, लाइन म्हणजे रेघ! तो म्हणाला, काका, लाइन म्हणजे ओळ! आम्ही दोघंही थोडा वेळ भिंतीकडे बघत बसलो. मग त्याने माझी सही दाखवली. निर्दोष.

आता पुन्हा छापायला तो मोकळा नाही. शाळांच्या परीक्षांचं काम आलं आहे. मी मात्र डगमगलो नाही. उपाय सुचला आहे.

१८ मार्च

कंपनीत गेलो. गेटवर नवा माणूस, मला ओळखेना. आत गेल्यावर पॅकिंगवाल्यांनी ओळखलं आणि त्यांच्याकडून डब्यांवर मारायचा तारखेचा शिक्का मागून आणला. आकडे फिरवले की हवी ती तारीख येते. शाई अशी, की मेल्याशिवाय जात नाही.

संध्याकाळी सगळे टेबलाभोवती बसलो. जावई शिक्का मारत होता, खारू वेळ हाताने लिहून पत्रिका सरकवत होती, ही वाळत घालत होती. मी देखरेख केली. ढीगभर झाल्यावर खारू एकाएकी खो खो हसायला लागली. खुर्चीवरून घसरलीच. शिक्क्यावर वरच्या बाजूला बारीक अक्षरात "उत्पादन दिनांक" असं होतं, ते चिकटपट्टीने झाकायचं राहिलं होतं. माझी मुलगी आणि तिचा नवरा यांचा उत्पादन दिनांक २० एप्रिल.

जावई म्हणाला, यातल्या मला द्या, आमच्या लिफ्टवाल्यांना फार आवडतील. हे त्याचं आतापर्यंतचं सगळ्यात मोठं बोलणं. उरलेल्यांवर पट्टी लावून मारले. नमुना प्रतीवर शिक्का मी स्वतः मारला. थोडे पसरले आहेत. लांबून कळत नाही.

खारू हसून हसून माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. असं ती बऱ्याच वर्षांनी बसली. शाई माझ्या शर्टाला लागली. असो.

२४ मार्च

पाकिटं लिहिली. दुपारपर्यंत सगळी संपवली. एकच उरलं.

दादाला पाठवणं हे केवळ कर्तव्य म्हणून. कुणी बोट दाखवायला नको. प्रश्न फक्त नावाच्या आधी काय लिहायचं हा. "ती." लिहिलं की मी तीर्थरूप म्हणतो, म्हणजे नमतो. "श्री." लिहिलं तर बँकेचं पत्र वाटतं. "प्रिय" तर शक्यच नाही. एक पाकीट "ती."चं केलं, फाडलं. एक "श्री."चं केलं, फाडलं. मग नुसतं नाव लिहिलं, ते पोलिसांनी हाक मारल्यासारखं दिसलं. संध्याकाळी ही चहा घेऊन आली, तेव्हा टोपली पाकिटांनी भरली होती. तिने पेन घेतलं आणि एका कोऱ्या पाकिटावर "दादा आणि वहिनी" असं लिहून, खाली पत्ता लिहून निघून गेली.

अक्षर बरं आहे तिचं. राहू दे. आत नमुना प्रत घातली. दुसरी कुठली हाताशी नव्हती.

२८ मार्च

आता द्यायची कशी?

घरी जाऊन हातात दिली, तर नऊ वर्षांचा अबोला मी मोडला असं होईल. माघार. पोस्टाने धाडली, तर ज्याने धाडली होती त्याला चांगलीच अद्दल घडेल. पण मग आतलं वाक्य माझ्याच अंगावर येतं. हे वाक्य नको होतं का? छे, वाक्य उत्तम आहे.

ही म्हणाली, रविवारी आपण दोघं जाऊन देऊ या. मी म्हणालो, रविवारी मला वेळ नाही. तिने विचारलं, काय आहे रविवारी? मी पेपर उघडला.

३० मार्च, रविवार

वेळ मिळाला. एकटाच गेलो. ठरवून गेलो होतो: बेल वाजवायची, पाकीट द्यायचं, पाणीसुद्धा न घेता परत यायचं. तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. अबोलाही शाबूत, रीतही शाबूत. मुत्सद्दीपणा म्हणतात तो हा.

जिना चढलो. दाराशी उभा राहिलो. आतून दादाच्या खोकल्याचा आवाज आला. पूर्वी असा खोकत नसे. खोकल्यावर बराच वेळ श्वास घेत राहिला.

परत आलो. जिन्यात अंधार होता, पाकिटाचा कोपरा दुमडला असता. हिने विचारलं, कुठे गेला होतात? म्हणालो, कुठे नाही.

२ एप्रिल

खंबीर निर्णय. पोस्ट. तिकीट लावलं, पेटीशी गेलो. पाकीट अर्धं आत, अर्धं बाहेर. मागे एक बाई पत्र घेऊन उभी होती, ती म्हणाली, आजोबा, टाकताय ना? आजोबा म्हटल्यामुळे हात सुटला.

पडल्याचा आवाज झाला. फार मोकळं वाटलं.

२ एप्रिल, दुपार

मोकळं वाटलं ते टिकलं नाही. काय केलं मी हे! आता वहिनी पाकीट उघडणार, वाक्य मोठ्याने वाचणार, मग वरचं तिकीट बघणार. आयुष्यभर पुरेल एवढं हसतील दोघं.

पेटीशी जाऊन थांबलो. पत्रं काढायला पोस्टाचा माणूस आला. मी सांगितलं, त्यातलं एक पाकीट माझं आहे, मीच टाकलं आहे, परत द्या. तो म्हणाला, आत पडलं की ते ज्याच्या नावाचं त्याचं. मी म्हणालो, पण अक्षर माझ्या बायकोचं आहे, दाखवतो. तो म्हणाला, मग बायकोला घेऊन या. पोतं गाडीत टाकून निघून गेला.

प्रामाणिक माणूस. असे लोक प्रगतीच्या आड येतात.

३ एप्रिल

योजना तयार. पाकीट इकडून निघालं तर तिकडे पोहोचणारच. उद्या दादाच्या दाराशी पोस्टमनला गाठायचं आणि त्या घरचाच माणूस असल्यासारखं पत्र घ्यायचं. खोटं नाही. भाऊ आहे मी त्याचा.

जेवण गेलं नाही. ही विचारत होती, पोट बिघडलं का? म्हणालो, थोडंसं.

४ एप्रिल

घडलं तसं लिहितो.

हीही सकाळीच कुठेशी बाहेर गेली होती. मी दादाच्या इमारतीसमोरच्या शिंप्याच्या दुकानात जाऊन बसलो. शिंप्याने विचारलं, काय शिवायचं आहे? मी म्हणालो, विचार करतोय. त्याने माप घ्यायला सुरुवात केली. हात वर, टेप छातीभोवती, अशा अवस्थेत मी रस्त्यावर लक्ष ठेवून होतो. पोस्टमन येताना दिसला. मी टेपसकट बाहेर पडलो. तेवढ्यात मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला.

दादा. हातात पिशवी, पायात घरातल्या चपला. केस पूर्ण पांढरे. कुठला पांढरा, ते मला सांगता येईना.

पहिलं वाक्य काय बोलला? म्हणाला, अरे, पाठ कशी आहे आता?

मला काही कळेना. पाठ? तो म्हणाला, लग्नाला तू येऊ शकला नाहीस, पाठ धरली होती ना तुझी, तुझ्या बायकोने सांगितलं होतं. मग म्हणाला, चल वर, पण जरा थांबावं लागेल, ही किल्ली घेऊन गेली आहे. ती आणि तुझी बायको खारूच्या कपड्यांच्या मापाला गेल्यात ना आज. तुला माहीत नाही?

माझ्या गळ्यात टेप होती. ती मी शिंप्याला परत दिली.

जिन्यात बसलो दोघं. त्याला चढायला वेळ लागला, कठडा धरून, मध्ये एकदा थांबून. पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला, दातांनी फोडला, मला दोन दिली. लहानपणी द्यायचा तसंच, स्वतः एक घेऊन. मी काही बोलत नव्हतो. ठरल्याप्रमाणे. तो त्याच्या गुडघ्यांबद्दल बोलत होता.

तेवढ्यात पोस्टमन वर आला आणि पाकीट त्याच्या हातात ठेवून गेला. दादाने लांब धरलं, जवळ धरलं. म्हणाला, चष्मा आत राहिला, वाच रे जरा, कुणाचं आहे?

माझी पत्रिका मलाच वाचावी लागली. जिन्यात, मोठ्याने, कारण त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. खारूचं नाव वाचलं, मुलाचं वाचलं, हॉल वाचला, तारीख वाचली. वाक्य आलं. वाक्य मी वाचलं नाही. पत्रिका मिटून त्याच्या हातात दिली.

दादाने कागदावरून अंगठा फिरवला. म्हणाला, जाड आहे, पंख्याने उडणार नाही. मग म्हणाला, पोस्टाने पाठवलीस ते बरं केलंस, उगाच येण्याजाण्यात वेळ जातो.

हे तो टोमणा म्हणून बोलला नाही. त्याचं तोंड मी बघत होतो. साधं बोलला.

मग मला राहवलं नाही. नऊ वर्षं जे सांभाळलं ते सगळं बाहेर पडलं. म्हणालो, दादा, तुझ्या मुलाची पत्रिका तू मला पोस्टाने पाठवली होतीस, म्हणून मी लग्नाला आलो नाही, म्हणून मी तुझ्याशी नऊ वर्षं बोलत नाही.

दादा बिस्कीट चावायचा थांबला. विचारात पडला. खरोखर आठवून बघत होता. मग म्हणाला, पोस्टाने आली का? असेल. गडबड होती तेव्हा. आणि मग, फार हळू आवाजात, म्हणाला, तू बोलत नव्हतास होय? मला वाटलं, कामात असशील.

मी म्हणालो, नऊ वर्षं? तो म्हणाला, तुला मुळात बोलायची आवड कमीच. आणि तुझी बायको दर रविवारी फोन करते ना. तुम्हा दोघांच्या वतीनेच करते म्हणाली.

खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. दादाने पुडा माझ्यापुढे धरला. एकच उरलं होतं. मी नको म्हणालो. त्याने मोडून अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

दोघी आल्या तेव्हा आम्ही तसेच बसलो होतो. हिने मला बघितलं आणि वहिनीच्या हातातली किल्ली घेऊन दार उघडलं.

घरी येताना बसमध्ये मी विचारलं, पाठ काय, पाठ? ही खिडकीबाहेर बघत म्हणाली, मग काय सांगायचं होतं, कागद पातळ होता म्हणून?

५ एप्रिल, सकाळ

नीट झोप लागली नाही. सगळं पुन्हा तपासून बघितलं. नऊ वर्षं. सणसणीत, कडक, एकही दिवस न चुकता पाळलेला अबोला. दिवसातून दोनदा आठवण ठेवून पाळलेला. आणि समोरच्याला पत्ताच नाही. याला काय म्हणायचं? एवढा माल तयार केला, आणि तो कारखान्याच्या बाहेर पडलाच नाही.

आता सकाळी शांतपणे विचार केला. सगळं संपलं असं मानायचं कारण नाही. पोस्टाचा मुद्दा अजून शिल्लकच आहे. "असेल, गडबड होती" हे काही उत्तर झालं नाही. त्यामुळे आजपासून अबोला नव्याने सुरू करता येईल, अधिक काटेकोरपणे.

अडचण एकच. या वेळी तो उपयोगी पडायचा असेल, तर मी बोलत नाही हे आधी दादाला कळवावं लागेल. आणि कळवायचं तर फोन करून बोलावं लागेल.

दुपारी करतो. सकाळी तो गुडघ्यांचे व्यायाम करतो म्हणाला होता.